वर-खाली जाऊ नये

"मॅडम, आमच्या बाळाचं औषध वाढवलंय का हो?"

फोनवरच्या बाईने हे विचारलं तेव्हा खूणताईच्या तोंडात डब्यातला शेवटचा घास होता. तो तसाच गालात ठेवून ती म्हणाली, "नाही हो. कोणी सांगितलं?"

"तुमच्याच पानावर दिसतंय. काल अर्धा मिली होता, आज दोन मिली. म्हटलं, देण्याआधी एकदा विचारावं."

"थांबा. देऊ नका," खूणताई म्हणाली, आणि तो घास गिळायला तिला पाणी लागलं.

ती लहान मुलांच्या रुग्णालयात माहिती विभागात कामाला होती. मूल बरं होऊन घरी निघालं की पूर्वी आईबापांच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला जाई, आणि तो घरी पोचेपर्यंत कुठेतरी गडप होई. मग रुग्णालयाने सगळी माहिती वेबसाइटवर टाकली. एकच लांबलचक पान, मारुतीच्या शेपटासारखं न संपणारं. ते वाचता वाचता निम्मे पालक दमायचे आणि उरलेले भलतंच वाचून फोन करायचे. तेव्हा खूणताईने डोकं लढवलं. पानातल्या प्रत्येक भागापाशी एक खूण ठेवायची, त्या खुणेचा आकडा लिंकच्या शेवटी जोडायचा, आणि ज्या घराला जो भाग हवा त्याचीच लिंक त्यांच्या फोनवर पाठवायची. बोट लावलं की पान वरून न उघडता थेट त्या खुणेवर उघडणार. शोधाशोध नाही, गोंधळ नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि त्या दिवसापासून अख्ख्या रुग्णालयात ती खूणताई झाली.

लिंकबरोबर जाणारा मजकूरही तिचाच. "लिंक उघडल्यावर समोर जे दिसेल तेच तुमच्या बाळासाठी आहे. वर-खाली जाऊ नये." या दोन वाक्यांचा तिला भारी अभिमान होता. इतक्या थोडक्यात इतकं स्पष्ट सांगणारं माणूस आपल्या विभागात दुसरं नाही, असं तिचं प्रामाणिक मत होतं, आणि ते ती फारसं लपवतही नसे.

आता तिने पान उघडलं. वरून खाली वाचत गेली तर सगळं बिनचूक होतं. सकाळी औषध विभागाच्या सांगण्यावरून तिने पानाच्या अगदी सुरुवातीला एक छोटासा भाग घातला होता, बाटलीचं नवीन झाकण कसं उघडावं याचा. दोन-चार वाक्यांचं काम, चहा निवायच्या आत झालं होतं. मग तिने पालकांना जाते तशी लिंक उघडली, तिसऱ्या खुणेची. समोर आलं, दोन मिली.

फिट येणाऱ्या बाळांना एकच औषध दोन प्रकारच्या बाटल्यांतून दिलं जायचं, एक पातळ आणि एक दाट. पातळ असेल तर दोन मिली द्यायचं, दाट असेल तर अर्धाच. तिसरी खूण दाट बाटलीची होती. आणि आता ती पातळ बाटलीच्या मापावर उघडत होती. म्हणजे दाट बाटलीवाल्या बाळाला चौपट औषध जाणार. फिट थांबवणारं औषध चौपट गेलं तर बाळ नुसतं झोपत नाही. ते इतकं गाढ झोपतं की श्वास घ्यायचाही विसरतं.

घोटाळा कुठे झाला हे कळायला तिला वेळ लागला नाही. खुणांचे आकडे पान आपणहून घालायचं, वरून मोजत, पहिली, दुसरी, तिसरी. वर एक नवा भाग शिरला आणि खालचे सगळे एकेक पायरी खाली ढकलले गेले; पातळ बाटलीचा दुसरा भाग आता तिसरा झाला. लोकांच्या फोनवरच्या लिंका मात्र जुन्याच आकड्यांच्या. वेबसाइटचं काम बघणारे पंतोजी (नाव कामावरून पडलेलं नव्हतं, सतत शिकवणी घेण्याच्या सवयीवरून पडलेलं होतं) तेव्हाच म्हणाले होते, "बाई, आकड्यांवर विसंबू नका. खुणांना नावं द्या, 'दाट-बाटली', 'पातळ-बाटली'. नाव कुठे सरकत नाही." त्यावर ही म्हणाली होती, "नावं ठेवायला आमच्या विहीणबाई आहेत, मी आकडेच ठेवते." खोलीभर हशा पिकला होता.

आणखी एक भानगड होती. पानाच्या माथ्यावर रुग्णालयाच्या नावाची निळी पट्टी कायम चिकटलेली असायची. लिंक उघडली की पान बरोबर खुणेपाशी येऊन थांबायचं आणि त्या भागाचं शीर्षक नेमकं पट्टीखाली झाकलं जायचं. 'पातळ बाटली' की 'दाट बाटली', हे बघायचं तर पान बोटाने जरा खाली ओढावं लागे. खूणताईला हे ठाऊक होतं. माप तर दिसतंय ना, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. आणि वर लोकांना बजावलं होतं, की वर-खाली जाऊ नये.

"पंतोजी!" ती ओरडली. आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या.

पंतोजींनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि कधी नव्हे ते काहीही न शिकवता खुर्चीत बसले. त्यांची बोटं चालायला लागली. "भाग काढून टाकतो, लगेच पहिल्यासारखं होईल," ते म्हणाले. "पण मधल्या वेळात कोणी उघडलं ते आधी बघा."

प्रत्येक घराची लिंक वेगळी असे, त्यामुळे कोणी कधी उघडली हे दिसायचं. सकाळपासून तिसऱ्या खुणेवर गेलेली घरं मोजकीच होती. खूणताई एकेकावरून नजर फिरवू लागली, आणि शेवटच्या ओळीशी थांबली. ते घर तिच्या लेकीचं होतं. लिंक थोड्याच वेळापूर्वी उघडलेली होती.

ठमी. सगळ्यांच्या काळजीत तिला ठमी आठवलीच नव्हती. लेकीची मुलगी, अजून धड बसतही नव्हती. गेल्या महिन्यात याच रुग्णालयातून घरी गेली होती, दाट बाटली घेऊन. लेक शाळेत शिकवायची, जावई बस चालवायचा, आणि दिवसभर ठमी असायची विहीणबाईंच्या हाती.

विहीणबाई आणि खूणताई यांचं जमायचं तसं बरं, पण एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय दोघींना अन्न पचत नसे. सुरुवातीला विहीणबाई औषध अंदाजाने द्यायच्या. सिरिंज उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि "झालं, एवढं पुरे" म्हणायचं. खूणताईने ते पाहिलं आणि तिचा पारा चढला. "अहो, हे काय मीठ आहे का चवीपुरतं?" लेकीसमोर, जावयासमोर तिने विहीणबाईंची हजेरी घेतली. "दर वेळी लिंक उघडायची, समोर दिसेल तेच माप घ्यायचं. स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही!" विहीणबाईंचा चेहरा पडला, पण उलट शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या चष्मा लावून, लिंक उघडून, आकडा मोठ्याने वाचून मगच औषध भरायच्या. शेजारणींना सांगायच्या, "आमच्या विहीणबाईंनी केलेलं आहे ते, चूक व्हायची सोयच नाही."

खूणताईने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. ठमी झोपली की विहीणबाई फोनचा आवाज बंद करून टाकतात, हे तिला आठवलं. म्हणजे ठमी झोपली होती. लेकीचा फोन बंद, परीक्षा चालू असली की फोन शिक्षकांच्या खोलीत ठेवायचा असा शाळेचा नियम. जावई गाडीवर असताना फोनला हात लावत नाही, याचं तिलाच कोण कौतुक वाटायचं.

तिने तातडीच्या विभागात फोन केला. "बाळाला औषध जास्त गेलंय, घरी कोणी फोन उचलत नाही," एवढंच तिने सांगितलं. तिथल्या सिस्टर तिला ओळखत होत्या. का, कसं, काही विचारलं नाही. "गाडी पाठवते. तुम्ही पण बसा, घर दाखवायला," म्हणाल्या.

दाराशी साहेब आडवे आले. पंतोजींनी त्यांना कळवलं होतं. "बाकीच्या घरांना सिस्टर फोन करतायत," ते हळू आवाजात म्हणाले. "पान पहिल्यासारखं झालंय. आता हे नेमकं कशाने झालं, ते सध्या बाहेर कुठे बोलू नका. माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे आणि तुमच्याही."

खूणताईने मान हलवली. त्या क्षणी तिला कोणी काहीही मागितलं असतं तरी तिने मान हलवली असती. तिला फक्त जिना उतरायचा होता.

गाडीत ती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसली. रस्ता रोजचाच, पण आज प्रत्येक सिग्नल तिच्या जिवावर उठलेला. भोंगा वाजत होता, लोक सावकाश बाजूला होत होते, एकजण तर मोबाइलकडे बघत मधूनच चालला होता. "अहो, सरका की!" ती काचेआडून ओरडली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ओरडून उपयोग नाही, तुम्ही डावं-उजवं तेवढं सांगा." ती डावं-उजवं सांगत राहिली आणि मनात सारखी एकच गोष्ट घोळवत राहिली, की आज विहीणबाईंनी आपलं ऐकलेलं नसू दे. आज तरी त्यांनी स्वतःचं डोकं चालवलेलं असू दे.

दार विहीणबाईंनीच उघडलं. ओठांवर बोट. "शू! आत्ताच झोपलीय," त्या कुजबुजल्या. चेहरा खुललेला. "आज औषध प्यायली आणि रडलीसुद्धा नाही हो. इतकी शांत झोप तिला कधी..." मग त्यांना मागची माणसं दिसली, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"किती दिलंत?"

"दोन मिली. आज वाढवलंय ना तुमच्या पानावर? मला जरा जास्तच वाटलं. पण म्हटलं, आपलं डोकं चालवायचं नाही."

खूणताई आत धावली. ठमी पाळण्यात पडली होती, एक मूठ कानाशी. गाल नेहमीसारखेच गुबगुबीत. खूणताईने तिला हाक मारली, गालावर टिचकी मारली, तळपायाला चिमटा काढला. एरवी तळपायाला बोट लागलं तरी घर डोक्यावर घेणारी पोर, तिने पापणीही हलवली नाही. छाती हलत होती, पण फार सावकाश. एक श्वास झाला की दुसरा येतोय की नाही, अशी वाट बघावी लागत होती. गाडीबरोबर आलेल्या नर्सने ठमीला उचललं आणि काही न बोलता ती जिना उतरू लागली. तिचं ते न बोलणंच खूणताईला सगळ्यांत भयंकर वाटलं.

गाडीत विहीणबाईंनी तिचा हात धरला. "काय झालंय? मी काही चुकले का? सांगा ना!"

सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण समोर नर्स ठमीच्या तोंडावर इवलासा मास्क धरून बसली होती, आणि खूणताईला वाटलं, आत्ता बोलले तर मी इथेच कोसळेन. "आधी पोचू या," ती म्हणाली. विहीणबाईंनी तिचा हात सोडला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी ठमीला आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेर एक लांब बाक होता, त्यावर दोघी बसल्या. आत यंत्र टुकटुक करत होतं. ती टुकटुक जरा लांबली की खूणताईचा श्वास अडकायचा. या इमारतीत ती वर्षानुवर्षं काम करत होती, पण या बाकावर कधी बसली नव्हती. वरच्या मजल्यावर बसून आपण ज्यांना लिंका पाठवतो ती माणसं अशी इथून उठून गेलेली असतात, हे तिला माहीत होतं, पण कळलं आज.

शाळेत आणि बस डेपोत निरोप पोचला तसे लेक आणि जावई पाठोपाठच आले. लेकीचे केस सुटलेले, गळ्यात शाळेचं ओळखपत्र तसंच. एक डॉक्टर बाहेर आल्या. "श्वास तिचा ती घेतेय, पण कमी पडतोय. आम्ही मदत देतोय. पुढचे काही तास बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "किती औषध गेलं नेमकं?"

"दोन मिली," विहीणबाई म्हणाल्या. "लिहिलं होतं तसंच."

"दोन?" लेकीने फोन काढला. लिंक तिच्याही फोनवर होती. तिने उघडली आणि तिचा चेहरा बदलला. "अहो आई, इथे अर्धा लिहिलंय. हे बघा. अर्धा!"

विहीणबाईंनी फोन हातात घेतला. बघितलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावून बघितलं. "पण मला दोन दिसलं. मी मोठ्याने वाचलं. दोन मिली, असं वाचलं मी."

"कसं वाचलंत? कालही अर्धाच होता, परवाही अर्धाच होता!" लेकीचा आवाज चढला. "परवा गॅस तसाच चालू ठेवून खाली गेलात, तेव्हाही मी काही बोलले नाही. पण हे..."

"आई," जावई म्हणाला. तो रागावला नव्हता, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "उद्यापासून ठमीला तू एकटीने नको सांभाळूस. आणि डोक्याच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवू या आपण."

विहीणबाईंनी मान खाली घातली. "दाखवू या," त्या म्हणाल्या. "मला हल्ली भीती वाटतेच. पण मला खरंच दोन दिसलं होतं रे."

खूणताई ऐकत होती. पंतोजींनी पान दुरुस्त केलं होतं. सकाळचं पान आता जगात कुठेच उरलेलं नव्हतं. लिंक हजारदा उघडली तरी हजारदा अर्धाच दिसणार होता, आणि दोन दिसलं होतं असं म्हणणारी ही एकच म्हातारी, जिचा आता स्वतःवरही भरवसा राहिला नव्हता. आपण गप्प बसलो तर कोणालाही कधीही कळणार नाही. साहेब गप्प बसतील, पंतोजी गप्प बसतील. नोकरी राहील. लेकीच्या घरी जाता येईल, ठमीला मांडीवर घेता येईल. आणि बोललो तर लेक आपल्याकडे कशी बघेल, या विचाराने तिला दरदरून घाम फुटला. गाडीत वाटली होती त्याहून ही भीती निराळी होती. तिची तिलाच लाज वाटत होती, तरी ती जात नव्हती.

"दोनच होतं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कोणाचंच लक्ष गेलं नाही. तिने घसा साफ केला. "ऐका. त्यांना बरोबर दिसलं. दुपारी तिथे दोनच होतं."

लेक वळली. "काय बोलतेयस तू?"

"सकाळी मी पानात वर एक भाग घातला. त्याने सगळ्या खुणा सरकल्या. तुमची लिंक पातळ बाटलीच्या मापावर उघडायला लागली. पंतोजींनी ते पुन्हा पहिल्यासारखं केलं, म्हणून तुला आता अर्धा दिसतोय." ती थांबली, पण थांबून चालणार नव्हतं. "चूक माझी आहे. पंतोजींनी सावध केलं होतं, मी हसण्यावारी नेलं. विहीणबाईंनी मी सांगितलं तेच केलं. अक्षरशः तेच केलं."

जावई भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या आत गेल्या.

"म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो."

"नक्की? माझी समजूत काढायला म्हणत नाही ना?"

"नक्की. तुमची नजरही ठीक आहे आणि डोकंही. तुम्हाला जास्त वाटलं होतं, तेसुद्धा बरोबरच वाटलं होतं."

विहीणबाईंच्या तोंडून एक हुंदका फुटला आणि मग त्या थांबेनातच. एवढं मोठ्याने रडताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. लेक त्यांच्यापाशी खाली बसली आणि तिने त्यांना मिठी मारली. "अहो आई, मी काय काय बोलले तुम्हाला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने तशीच मान वळवून आपल्या आईकडे बघितलं. "तुला गाडीत बसण्याआधीच माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्यांना एवढं बोलत होते, तेव्हाही तू इथेच बसली होतीस."

खूणताईने मान हलवली. लेकीच्या डोळ्यांत राग असता तर तिने तो सोसला असता. लेक तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

कितीतरी वेळाने आतून आवाज आला. आधी कोणाला ओळखूच आला नाही, इतका चिरका होता. मग ठमीने चांगला लांबलचक सूर लावला, घर डोक्यावर घ्यायची तसा. चौघंही ताडकन उठली. जावयाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खूणताई दाराकडे निघाली.

सिस्टर दार किलकिलं करून हसल्या. "जागी झाली. बाबा, तुम्ही जरा थांबा हं. आत दोघींनाच सोडतात. आई आणि आजी, या."

लेकीने विहीणबाईंचा हात धरला आणि त्या दोघी आत गेल्या. दार लागलं. खूणताई मागे सरकली आणि बाकावर, जावयापासून थोडी लांब, बसली.